गांवचें वाचनालय कसें असावें?

[आमच्या बाजूच्या एका खेड्यांत सार्वजनिक वाचनालयाची जागा ठरविण्यासाठीं गांवसभा भरली होती. तींत तेथील प्राथमिक शाळेच्या एका शिक्षकांनीं केलेलें भाषण इतर गांवांसही उपयोगी पडेल, म्हणून येथें देत आहों.]

अध्यक्षमहाराज, गांवकरी मंडळी, आणि मागें दाराशीं उभ्या राहिलेल्या मायबहिणींनो,

आज आपण वाचनालयाच्या जागेचा निकाल लावण्यासाठीं जमलों आहों. दोन सूचना पुढें आल्या आहेत. पहिली अशी कीं, ग्रामपंचायतीच्या कचेरीमागें जी खोली रिकामी पडली आहे तींत पुस्तकांचीं कपाटें नेऊन ठेवावीं, आणि जमलेल्या पैशांतून रस्त्यावर एक मोठी कमान उभारून तीवर संगमरवरी पाटी बसवावी. दुसरी अशी कीं, शाळेपलीकडे पाण्याच्या टाकीजवळ जी मोकळी जागा आहे तेथें एक साधी, एकमजली, लांबट इमारत बांधावी आणि कमानीचा विचार सोडून द्यावा. मी दुसऱ्या सूचनेच्या बाजूचा आहें. तें कां, एवढेंच सांगण्यास उभा आहें.

कमानीवर माझा राग नाहीं. पण कमानीखालून माणूस मोठ्या उमेदीनें आंत गेला आणि आंत त्याला अक्षर दिसलें नाहीं, तर ती कमान काय कामाची? नाकापेक्षां मोतीं जड, अशांतली ती गत. कचेरीमागच्या खोलीस एकच खिडकी आहे, आणि तीही पश्चिमेस. दुपारपर्यंत तेथें अंधार. दुपार टळली कीं ऊन सरळ डोळ्यांत. अशा जागीं पुस्तकें राहतील, पण वाचणारे राहणार नाहींत. दिव्याखालीं अंधार असतो हें आपण ऐकलें आहे. वाचनालयांतच अंधार करून ठेवण्याचा पराक्रम आपल्या गांवानें करूं नये.

वाचनालय कोणासाठीं?

हा प्रश्न आधीं सोडविला म्हणजे इमारतीचा प्रश्न अर्धा सुटतो. ज्याच्या घरीं स्वतंत्र खोली आहे, मेज आहे, दिवा आहे, पुस्तकें विकत घ्यावयास पैसा आहे, त्याचें वाचनालयावांचून कांहीं अडत नाहीं. अडतें तें दोन खणांच्या घरांत सात माणसें राहतात त्याचें. तेथें एकाच दिव्याखालीं भाकरी भाजली जाते, आजी खोकत पडलेली असते, धाकटीं भांडत असतात आणि त्यांतच थोरली मुलगी दहावीचा अभ्यास करीत असते. कुंभाराच्या, सुताराच्या, शिंप्याच्या, मजुराच्या पोराचा दिवस कामांत जातो. त्याला मोकळीक मिळते ती दिवेलागणीनंतर. म्हणून आपल्या वाचनालयाची खरी वेळ संध्याकाळीं सहा ते रात्रीं दहा. दुपारीं बारा ते चार उघडें राहणारें वाचनालय हें रिकामटेकड्यांचें वाचनालय होय.

ही गोष्ट आपल्या थोर लोकांस फार पूर्वीं कळली होती. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनीं १८५५ सालीं शेतकरी व मजूर यांच्यासाठीं शाळा काढली ती रात्रीची काढली. कारण दिवसा शिकण्याची सवड या लोकांस नव्हती. आज पावणेदोनशें वर्षांच्या सुमारास तीच अडचण दुसऱ्या रूपानें उभी आहे. पोलीस भरती, तलाठी, शिक्षक भरती अशा परीक्षांच्या पाठीमागें आपलीं मुलें लागलीं आहेत. मुलगा तालुक्याच्या गांवीं जाऊन महिना पैसे भरून अभ्यासिकेंत बसतो. मुलीला रात्रीं कोण पाठवितो? म्हणजे गांवांत उजेडाची चांगली जागा नसली कीं नुकसान सगळ्यांचें होतें, पण मुलीचें दुप्पट होतें.

कोणी म्हणेल, आतां प्रत्येकाच्या हातांत मोबाईल आहे, वाचनालय हवें कशाला? मी विचारतों, मोबाईल आहे, पण तो घेऊन चार तास निवांत बसण्यास जागा आहे काय? मोबाईलला स्वतःचा उजेड आहे, पण शांतता त्यांत भरून येत नाहीं. वाचनालय म्हणजे पुस्तकें तर खरींच. पण त्याशिवाय बसावयास मेज, डोळ्यांस पुरेसा उजेड आणि कोणी उठवणार नाहीं याची खात्री. या तीन गोष्टी गरिबाच्या घरीं मिळत नाहींत, म्हणून त्या गांवानें मिळून कराव्या.

बडोद्यानें काय केलें?

हें सगळें स्वप्न आहे असें कोणास वाटेल, म्हणून आपल्याच माणसाचें उदाहरण देतों. नाशिक जिल्ह्यांतील कवळाणें गांवच्या शेतकरी घरांतला एक मुलगा १८७५ सालीं बडोद्याच्या गादीवर दत्तक गेला. तेच सयाजीराव महाराज. त्यांनीं १९०६ सालीं आपल्या सबंध संस्थानांत प्राथमिक शिक्षण सक्तीचें केलें. पण शाळा सोडल्यावर हातीं पुस्तक राहिलें नाहीं तर शिकलेलें अक्षर चार वर्षांत विसरतें, हें त्यांनीं ओळखलें. म्हणून १९१० सालीं त्यांनीं अमेरिकेंतून बोर्डन नांवाचे ग्रंथपाल आणविले आणि ग्रंथालयांचें स्वतंत्र खातें काढलें. बोर्डन १९१३ पर्यंत राहिले. त्यांच्यामागून जनार्दन सखाराम कुडाळकर यांनीं तें काम चालविलें.

खेड्यांतील वाचनालयासाठीं बडोद्याची रीत अशी होती कीं, जितका पैसा गांवकरी जमवतील तितका सरकार घाली आणि तितकाच प्रांत पंचायत घाली. गांवाचा एक रुपया, त्याचे तीन होत. जेथें वाचनालय नाहीं तेथें लांकडी पेट्यांत पुस्तकें भरून फुकट पाठवीत. तीं वाचून झालीं कीं पेटी पुढच्या गांवीं जाई.

आतां इमारतीचें पाहा. बडोद्याच्या मध्यवर्ती ग्रंथालयांत पुस्तकांच्या मजल्यांची जमीन कांचेची आहे. लोखंडी मांडण्या एकावर एक, आणि मधली फरशी जाड कांचेची. कां? वरून येणारा दिवसाचा उजेड खालच्या मजल्यापर्यंत झिरपावा म्हणून. विजेवांचून पुस्तकाच्या पाठीवरचें नांव वाचतां यावें आणि आगीचें भय कमी व्हावें, हा हिशेब त्यांत आहे. राजाच्या खजिन्यांत पैसा होता, तरी त्यानें तो नुसत्या दर्शनी शोभेवर न उधळतां उजेड खालपर्यंत नेण्यावर खर्च केला. आपल्याला कांचेची जमीन परवडणार नाहीं. पण आधीं उजेड, मग शोभा, ही अक्कल उचलण्यास पैसा पडत नाहीं.

उजेड मोजतां येतो

उजेड पुरे कीं अपुरा हें ज्यानें त्यानें अंदाजानें सांगण्याची गोष्ट नव्हे. धान्य जसें मापानें मोजतों तसा उजेडही मोजतां येतो. त्या मापाला लक्स म्हणतात. भर दुपारीं उघड्यावर उन्हांत सुमारें १ लाख लक्स उजेड असतो. दाट ढगाळ दिवशींही १० हजारांच्या आसपास भरतो. युरोपांत ग्रंथालयांसाठीं जें प्रमाण ठरविलें आहे त्यांत वाचनाच्या मेजावर ५०० लक्स आणि पुस्तकांच्या फळ्यांवर २०० लक्स सांगितले आहेत. आपल्या घरीं खोलीच्या मधोमध ९ वॅटचा एकच दिवा टांगलेला असला तर कोपऱ्यांत पन्नासही भरत नाहींत. मोबाईलमध्यें हें माप अंदाजानें दाखविणारीं साधनें मिळतात. ज्याला माझ्या बोलण्याचा विश्वास नसेल त्यानें आजच कचेरीमागच्या खोलीत जाऊन मोजून पाहावें.

एका गोष्टींत आपण कारागीर लोक कोणाही इंजिनिअरास हार जाणार नाहीं. उजेड कोणत्या बाजूनें यावा, हें आपल्या हातांस ठाऊक आहे. शिंपी आपलें यंत्र दारापाशीं मांडतो, पण दाराकडे पाठ करून बसत नाहीं. कारण मग त्याचीच सांवली सुईवर पडते. सुतार रंधा मारलेली फळी तिरप्या उजेडांत धरून पाहतो, कारण खांच-खळगा तिरप्या उजेडांतच उठून दिसतो. वाचणाऱ्याचा नियम शिंप्याचाच आहे. उजेड पाठीमागून आला तर डोक्याची सांवली पुस्तकावर. अगदीं समोरून आला तर गुळगुळीत कागद चकाकतो आणि अक्षर बुडतें. म्हणून तो बाजूनें यावा, आणि उजव्या हातानें लिहिणाऱ्यास डावीकडून.

खिडक्या कोणत्या दिशेस?

आतां मुख्य गोष्ट. सूर्य पूर्वेस उगवतो आणि पश्चिमेस मावळतो, तेव्हां तो खालीं असतो. खालून येणाऱ्या उन्हास छज्जा अडवूं शकत नाहीं. म्हणून पूर्व-पश्चिमेच्या भिंती आंखूड ठेवाव्या व त्यांत मोठ्या खिडक्या ठेवूं नयेत. लांब भिंती उत्तर-दक्षिणेस असाव्या. उत्तरेचा उजेड सगळ्यांत चांगला. तो थंड, सारखा आणि ऊन नसलेला. मे ते जुलैमध्यें सकाळीं लवकर आणि मावळतांना उत्तरेच्या बाजूनें थोडें तिरपें ऊन येतें, त्याला दोन कोपऱ्यांवर दोन कडुनिंब पुरे होतात.

दक्षिणेची गोष्ट निराळी. हिवाळ्यांत सूर्य दक्षिणेकडे कलतो. पुण्याच्या अक्षांशावर डिसेंबरांत भर दुपारीं तो क्षितिजापासून अवघा ४८ अंश वर असतो. दक्षिणेस ७ फूट उंचीची खिडकी उघडी ठेविली तर तें ऊन ६ फूट आंत येतें. पण त्या बाजूस ६ फूट रुंदीची पडवी काढली आणि तिची पागोळी ७ फुटांवर ठेविली, तर तेंच ऊन भिंतीच्या पायथ्याशीं थांबतें. पुस्तकावर एक कवडसा पडत नाहीं. आपल्या वाडवडिलांनीं घरांस पडव्या व सोपे काढले ते उगीच नव्हेत. पडवी म्हाताऱ्यांस वर्तमानपत्र वाचावयास, आणि पावसांत चपला व छत्र्या ठेवावयास उपयोगी पडते, हा लाभ वेगळाच.

खोली किती रुंद असावी? त्याचाही नियम आहे. खिडकीची वरची कड जमिनीपासून जितकी उंच, त्याच्या दोन ते अडीचपट अंतरापर्यंतच दिवसाचा उजेड कामाचा असतो. वरची कड ७ फुटांवर, तर उजेड १४ पासून साडेसतरा फुटांपर्यंत पोंचतो. म्हणून माझी सूचना आहे कीं, खोली ३० फूट लांब व १६ फूट रुंद असावी. उत्तरेच्या भिंतीस ४ फूट रुंद व ४ फूट उंच अशा पांच खिडक्या. म्हणजे ८० चौरस फूट उजेडाची जागा, खोलीच्या जमिनीच्या सहाव्या हिश्शाइतकी. खिडक्यांची खालची कड ३ फुटांवर, आणि त्यांच्याखालीं मुलांच्या पुस्तकांच्या ठेंगण्या मांडण्या. भिंती आंतून पांढऱ्या चुन्याच्या. पांढरी भिंत पडलेल्या उजेडाचा सुमारें चार पंचमांश परत देते. गडद रंगाची भिंत बहुतेक गिळून टाकते. ज्या पैशांत दोन दिवे वाढतात त्याहून कमी पैशांत चुना येतो.

दुसऱ्या देशाची नक्कल नको, अक्कल घ्यावी

फिनलंड देशांत व्हीपुरी नांवाच्या शहरीं आल्व्हार आल्टो या वास्तुशिल्पज्ञानें बांधलेलें ग्रंथालय १९३५ सालीं उघडलें. पुढें युद्धांत तें शहर रशियाकडे गेलें. आज त्याला व्हीबोर्ग म्हणतात, आणि त्या इमारतीची दुरुस्ती २०१३ सालीं पुरी झाली. जगांतले इमारतीचे अभ्यासक ती पाहावयास जातात. तिच्या वाचनदालनाच्या छतास ५७ गोल झरोके आहेत, प्रत्येक सुमारें ६ फूट व्यासाचा आणि नळकांड्यासारखा खोल. तेथें भर उन्हाळ्यांतही सूर्य ५३ अंशांच्या वर चढत नाहीं. म्हणून ऊन त्या खोल झरोक्यांच्या कडांवर आपटून, मऊ होऊन खालीं उतरतें. सरळ किरण पुस्तकावर येतच नाहीं. चोहोंकडून सारखा उजेड येत असल्यामुळें हाताची सांवलीही पानावर पडत नाहीं. रात्रींचे दिवेसुद्धां त्यानें भिंतींकडे तोंड करून लाविले, म्हणजे उजेड भिंतीवरून परतून येतो. मुलांच्या विभागास बागेच्या बाजूनें निराळें दार ठेविलें.

आतां कोणी हौशी कंत्राटदार म्हणेल, आपणही छतास तसेच गोल झरोके पाडूं. तसें केलें तर आपण भाजून निघूं! आपल्याकडे मेच्या मध्यास आणि पुन्हां जुलैच्या अखेरीस सूर्य भर माध्यान्हीं थेट डोक्यावर येतो. झरोका कितीही खोल असला तरी त्या वेळीं ऊन सरळ खालीं पडेल, आणि पावसाळ्यांत तेथूनच गळती लागेल. त्या कारागिरानें आपल्या देशाचा सूर्य पाहून छत घडविलें. आपण आपल्या देशाचा सूर्य पाहून पडवी आणि उत्तरेच्या खिडक्या कराव्या. सरळ ऊन आंत नको, उजेड मात्र भरपूर हवा, ही त्याची अक्कल, तेवढी आपली.

सरळ ऊन पुस्तकांसही वाईट. कागद पिवळा पडून ठिसूळ होतो, पुठ्ठ्याचा रंग उडतो. पश्चिमेच्या खिडकींतलें ऊन वर्षानुवर्षें पुस्तकांवर पडूं देणें म्हणजे धान्य उंदरांच्या स्वाधीन करणें होय.

रात्रीचे दिवे

वर सांगितलेल्या खोलीस हिशेब असा आहे. २० वॅटची एलईडी पट्टी सुमारें २,००० ल्यूमेन उजेड देते. अशा सात पट्ट्या छताजवळ लाविल्या तर सबंध खोलींत १५० लक्सच्या आसपास उजेड होतो. चालण्यास व पुस्तक शोधण्यास तो पुरतो. वाचण्यास पुरत नाहीं. वाचण्यासाठीं आणखी पट्ट्या छतास डकविणें ही उधळपट्टी आहे. उजेडाचा नियम असा कीं, लहान दिव्यापासूनचें अंतर निम्मे केलें कीं उजेड चौपट होतो. म्हणून दिवा मेजावर खालीं आणावा. आठ फूट लांबीचीं तीन मेजें खिडकीच्या भिंतीशीं काटकोनांत लावावीं, म्हणजे दिवसा उजेड बाजूनें येईल. प्रत्येक मेजाच्या दोन टोकांवर १० वॅटचा एकेक दिवा, मेजाच्या जवळ खालीं टांगलेला. त्याला अशी झांकणी असावी कीं बसलेल्याच्या डोळ्यांस जळता दिवा दिसूं नये. उजेड दिसावा, दिवा दिसूं नये. मेजावर मग वाचण्यास पुरेसा उजेड भरतो.

सगळे मिळून झाले २०० वॅट. रोज चार तास लाविले तर दिवसास ०.८ युनिट, महिन्यास २४ युनिट. एका घराला लागणाऱ्या विजेपेक्षां हें फार नाहीं. आणि वीज गेली तर? आपल्याकडे ती जाणारच, आणि परीक्षेच्या दिवसांतच जाणार. १२ व्होल्टची १५० अँपिअर-तासांची बॅटरी इन्व्हर्टरसह ठेवावी. तिच्यांतली निम्मी वीज वापरावी, म्हणजे ती लवकर मरत नाहीं. तेवढ्यावर सगळे दिवे साडेतीन तास चालतील. आणि मेजावरचेच सहा दिवे लाविले तर ६० वॅटवर दोन-तीन रात्री निघतील. पुढें पैसा झाला कीं छपरावर सौर तावदान बसवावें. १ किलोवॅटचें तावदान आपल्या उन्हांत दिवसाला सुमारें ४ युनिट देतें. म्हणजे आपल्या गरजेच्या पांचपट.

दिवे घेतांना खोक्यावर दोन आंकडे पाहावे. रंगाचा आंकडा ४००० केल्व्हिनच्या आसपास असावा. फार निळसर पांढरा दिवा डोळ्यांस रुक्ष वाटतो. आणि रंग खरे दाखविण्याचा आंकडा ८० च्या वर असावा. दुकानांतच एक परीक्षा करावी. दिव्याखालीं पेन्सिल झपझप हालवून पाहावी. ती एकसंध पुसट दिसली तर दिवा ठीक, तुटक तुटक पेन्सिली दिसल्या तर तो लुकलुकतो. तसल्या दिव्याखालीं दोन तास वाचलें कीं डोकें दुखतें, आणि मुलगा म्हणतो, मला अभ्यास मानवत नाहीं. बिचाऱ्याला अभ्यास मानवतो. दिवा मानवत नाहीं!

कुलूप काढा

आणखी एक अंधार आहे, तो दिव्यानें जात नाहीं. तो कुलुपाचा. कपाटास कांचेचीं दारें, दारांस कुलूप, किल्ली चिटणिसाच्या कमरेस, आणि चिटणीस शेतावर! पुस्तक हातांत घेऊन चार पानें चाळल्यावांचून वाचकाला त्याची गोडी कशी लागावी? डॉ. रंगनाथन यांनीं १९३१ सालीं ग्रंथालयशास्त्राचे पांच नियम मांडिले, त्यांतल्या पहिल्याचा मतलबच असा कीं, पुस्तक जपून ठेवण्याची ठेव नव्हे, तें वापरण्याची वस्तु आहे. चार पुस्तकें चोरीस जातील? जातील. पण न वाचतां वाळवीनें खाल्लेल्या पुस्तकांचा हिशेब कोणी कधीं मागितला आहे काय?

मांडण्या आपल्या गांवच्या सुतारानेंच कराव्या. फळी ३ फुटांहून लांब नसावी, नाहीं तर ओझ्यानें वांकते. खोली ९ इंच, दोन फळ्यांत अंतर ११-१२ इंच. सर्वांत खालची फळी जमिनीपासून अर्धा फूट वर आणि मांडणी भिंतीपासून दोन बोटें सुटी, म्हणजे ओल व वाळवी लवकर दिसते. एका फळीवर सुमारें २५ पुस्तकें, एका मांडणींत पांच फळ्या. आठ मांडण्यांत हजार पुस्तकें झालीं. मोठ्यांच्या मांडणीची उंची सहा फुटांहून जास्त नको. इमारत तळमजल्याचीच हवी, कारण पुस्तकांचें ओझें दगडासारखें असतें आणि म्हाताऱ्या माणसाचे गुडघे दगडाचे नसतात. जोतें दीड फुटाचें, तर १८ फूट लांबीचा सोपा उतार करावा. चाकाच्या खुर्चीवरचा माणूस कोणाचे हात न धरतां आंत आला पाहिजे.

वाट कोणाच्या दारावरून?

आतां एक गोष्ट स्पष्ट बोलतों, राग मानूं नये. कचेरीमागच्या खोलीस जाण्याची वाट वाड्याच्या अंगणांतून आहे. त्या अंगणांतून जातांना आपल्यांतल्या कित्येकांची मान अजून आपोआप खालीं जाते. कोणी अडवीत नाहीं, हें खरें. पण ओढ्यापलीकडच्या वस्तींतलें पोर तेथें रोज रात्रीं जाईल काय? आणि टाकीजवळची जागा पाहा. पाण्यासाठीं प्रत्येक आळींतली बाई तेथें येते. ती वाट सगळ्यांची आहे. तेथें येण्यास कोणाची परवानगी लागत नाहीं. सार्वजनिक या शब्दाचा अर्थ पाटीवर लिहिलेला नसतो, तो वाटेंत असतो.

त्या वाटेवर प्रत्येक आळीपासून वाचनालयापर्यंत दिवे लागले पाहिजेत. दार रस्त्याकडे असावें, आणि रात्रीं रस्त्यावरून जाणाऱ्यास आंत कोण बसलें आहे तें दिसावें. आपली मुलगी उजेडांत, चार लोकांच्या नजरेसमोर बसून वाचते आहे, हें बापाला लांबून दिसलें म्हणजे तो तिला दुसऱ्या दिवशीं अडविणार नाहीं. खोलीच्या एका अंगास तिच्यासाठीं स्वच्छ संडास हवा. त्याच्यावांचून बाकीचें सगळें फुकट आहे.

बांधणें एकदांचें, चालविणें रोजचें

अमेरिकेंतले कारखानदार कार्नेगी यांच्या देणगींतून जगांत अडीच हजारांवर ग्रंथालयें उभीं राहिलीं. पण ते आधीं गांवाकडून लिहून घेत कीं, जागा तुम्ही द्यावी आणि देणगीच्या दहाव्या हिश्शाइतकी रक्कम दरसाल देखभालीस तुम्ही खर्च करावी. इमारत देणारा मिळतो. झाडणारा, दिवा बदलणारा, पुस्तक शिवणारा गांवानें पोसावा लागतो, हें त्यांनीं जाणलें होतें. आपल्याकडेही कायद्याचा आधार आहे. कोल्हापूर संस्थानानें १९४५ सालीं ग्रंथालयांचा कायदा केला, हिंदुस्थानांतला तो पहिला. पुढें महाराष्ट्रानें १९६७ सालीं आपला कायदा केला. त्याखालीं मान्य झालेल्या वाचनालयांस अ, ब, क, ड अशा वर्गांप्रमाणें सरकारी अनुदान मिळतें. तें मिळविण्यास वाचनालय खरोखर चालतें आहे हें दाखवावें लागतें. कमान दाखवून भागत नाहीं.

म्हणून सभेपुढें माझ्या सूचना अशा आहेत. एक, जागा टाकीजवळची घ्यावी. दोन, कमानीचा पैसा खिडक्या, दिवे आणि बॅटरी यांकडे वळवावा. तीन, वाचनालय रोज संध्याकाळीं सहा ते दहा उघडें राहावें आणि त्यासाठीं एक पगारी माणूस नेमावा. चार, चालविणाऱ्या मंडळींत प्रत्येक आळीचा एकेक माणूस आणि निदान तीन बाया असाव्या. पांच, ज्याला पैसा देतां येत नाहीं त्यानें अंगमेहनत द्यावी. गवंड्यानें दोन दिवस, सुतारानें दोन मांडण्या, शेतकऱ्यानें एक बैलगाडी वाळू. ज्याचा घाम भिंतींत मुरला तो त्या भिंतीची पांढरी कळा जपतो.

पाटी लावावयाचीच असेल तर ती दारावर लहानशी लावा, आणि तीवर कोणा एकाचें नांव न घालतां गांवाचें घाला. तिच्यावर एक दिवा मात्र ठेवा, म्हणजे अंधारांत येणाऱ्यास दार सांपडेल.

माझें बोलणें लांबलें, त्याची क्षमा असावी. आतां हात वर करून मत द्यावें, अशी अध्यक्षांनीं आज्ञा करावी, आणि मागें उभ्या असलेल्या बायांचेही हात मोजावे, एवढी विनंति करून मी आपली रजा घेतों.